शेळीच्या लेंड्यांतून जंतांची अंडी वेगळी करताना अंडी कमी आणि कचरा जास्त मिळतो, तेव्हा काय तपासावे

पावसाळा लागला की शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. मकमास्टर मोजणीत (ठरावीक मापाचे कप्पे असलेल्या स्लाइडवर अंडी मोजण्याच्या पद्धतीत) ग्रॅममागे दीड हजार अंडी दिसतात, म्हणून वीस ग्रॅम लेंड्या घेऊन शुद्धीकरणाला बसावे. हिशेबाने तीस हजारांच्या आसपास अंडी हाती यायला हवीत, आणि संध्याकाळी नळीच्या तळाशी मोजकी अंडी, भुशाचे तंतू आणि परागकण एवढेच उरलेले असते. मग अंडी तरंगवून वर आणणाऱ्या द्रावणात पुढच्या खेपेला मिठाऐवजी साखर, त्यापुढच्या खेपेला साखरेऐवजी झिंक सल्फेट, अशी द्रावणे बदलत जाण्याकडे बहुतेकांचा कल असतो. माझ्या मते ही शोधाशोध चुकीच्या टोकापासून सुरू होते. द्रावण कधीकधी दोषी असते, नाही असे नाही. पण पुष्कळदा अंडी द्रावणापर्यंत पोचलेलीच नसतात. ती चाळणीवरच्या चोथ्यात अडकलेली असतात, नाहीतर निथळून टाकलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेलेली असतात.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय असा की, अंतिम निकाल हाती येईपर्यंत काहीही टाकू नये. जाड चाळणीवरचा चोथा, बारीक चाळणीखालून गेलेले पाणी, निथळलेले पाणी आणि तरंगवण्यानंतर तळाशी राहिलेला साका, ही चारही भांडी वेगवेगळी चिठ्ठी लावून ठेवावीत, प्रत्येकाचे आकारमान लिहून घ्यावे, नीट ढवळून त्यातले थोडे स्लाइडवर घेऊन मोजावे आणि आकारमानाने गुणावे. उदाहरणार्थ, बारीक चाळणीखालून गेलेले पाणी अर्धा लिटर असेल आणि त्यातल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये सहा अंडी दिसली, तर तिथे सहा हजार अंडी गेली आहेत, म्हणजे तीस हजारांतला पाचवा हिस्सा. हा जमाखर्च एकदा मांडला की गळती कुठे आहे ते तासाभरात कळते, आणि उरलेला आठवडा द्रावणे बदलण्यात जात नाही.

मोजणीबद्दलही एक खुलासा इथेच करायला हवा. चार ग्रॅम लेंड्या छप्पन मिलिलिटर द्रावणात कालवून मकमास्टरच्या दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजली तर आलेल्या आकड्याला ५० ने गुणावे लागते, कारण दोन कप्प्यांत मिळून ०.३ मिलिलिटरच द्रव मावतो. म्हणजे दोन्ही कप्प्यांत मिळून तीस अंडी दिसली तर ग्रॅममागे दीड हजार, हा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा आहे. पण तीन अंडी दिसून दीडशे निघाले असतील, तर तो आकडा एका अंड्याने इकडेतिकडे झाला तरी तिसऱ्या हिश्शाने बदलतो. ज्या नमुन्यात मुळातच अंडी विरळ आहेत त्यात शुद्धीकरण फसले म्हणण्यात अर्थ नाही. संशोधनासाठी अंडी वेगळी करायची असतील तर आधी कळपातल्या जनावरांची मोजणी करून, ज्यांची संख्या जास्त आहे त्यांच्याच लेंड्या घ्याव्यात.

हे टिपण इंदूर-महू भागातल्या लहान प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, जिथे साधा टेबलावरचा सेंट्रिफ्यूज, दोन-तीन चाळण्या आणि एक बऱ्यापैकी मायक्रोस्कोप यांवरच काम भागवावे लागते. विवेचन मुख्यतः हिमॉन्कस कॉन्टॉर्टस आणि त्याच्या जातकुळीतल्या जंतांच्या अंड्यांबद्दल आहे. हिमॉन्कस राहतो जठराच्या चौथ्या कप्प्यात, आतड्यात नव्हे, पण त्याची अंडी लेंडीतूनच बाहेर पडतात आणि आतड्यातल्या ट्रायकोस्ट्राँगायलसच्या अंड्यांत इतकी मिसळून जातात की शुद्धीकरणाच्या दृष्टीने दोघांची वाट एकच आहे.

नमुन्याचे वय

अंडी मिळाली पण उबली नाहीत, किंवा उबवण चाचणीत (अंडी जंतनाशक औषधात ठेवून किती उबतात ते पाहण्याच्या चाचणीत) औषधाचा परिणामच दिसला नाही, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी नमुना किती वाजता घेतला आणि काम किती वाजता सुरू झाले हे विचारावे. ताज्या लेंडीतले हिमॉन्कसचे अंडे मायक्रोस्कोपखाली ओळखायला सोपे असते: पातळ कवच, दोन्ही टोकांना किंचित मोकळी जागा, आणि आत तपकिरी पेशींचा द्राक्षाच्या घडासारखा गोळा. साधारण २५ अंश तापमानाला आणि हवा मिळाली तर हा गोळा वाढू लागतो, काही तासांत पेशी बारीक होतात, मग वालाच्या दाण्यासारखा बाक येतो, आणि एका दिवसाच्या सुमारास आत वेटोळे घातलेली अळी हलताना दिसते. मे-जूनमध्ये इंदूरचा पारा चाळीसच्या वर असतो. धार किंवा झाबुआकडच्या गावातून मोटारसायकलच्या डिकीत तीन-चार तास प्रवास करून आलेल्या लेंड्यांतली काही अंडी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बरीच पुढे गेलेली असतात, आणि काही उष्णतेने मेलेली असतात.

बेंझिमिडाझोल गटाची जंतनाशक औषधे वाढीच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या अंड्यांवर चांगली चालतात. अंडे जसजसे पुढे सरकते तसतसा औषधाचा प्रभाव कमी होतो, आणि प्रतिकारक्षमता नसलेले जंतही प्रतिकारक्षम असल्यासारखे भासतात. ही चूक धोकादायक आहे, कारण ती निकालात शिरते आणि तिथून पशुपालकाला दिलेल्या सल्ल्यात. म्हणूनच पशुपरजीवीशास्त्राच्या जागतिक संघटनेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत उबवण चाचणीची अंडी नमुना घेतल्यापासून तीन तासांच्या आत वापरावीत, आणि ते शक्य नसेल तर नमुना हवेविना साठवावा, असे सांगितले आहे. हवेविना साठवलेला नमुना सात दिवसांपर्यंत चालतो. यासाठी महागडी सोय लागत नाही. लेंड्या पाण्यात कुस्करून घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भराव्यात, वर हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. आतली जिवाणूंची वस्ती उरलासुरला प्राणवायू संपवते आणि अंड्यांची वाढ थांबते. अर्धी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे हवेविना साठवण नव्हे, हे मात्र दरवेळी सांगावे लागते.

फ्रिजबद्दलही गैरसमज आहे. केवळ अंडी मोजायची असतील तर ४ अंशांवर ठेवलेला नमुना काही दिवस चांगला राहतो. परंतु हिमॉन्कस हा उष्ण हवामानातला जंत आहे, त्याच्या अंड्यांना थंडी सोसत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या अंड्यांची उबवण घटत जाते. ज्याला जिवंत अंडी हवी आहेत त्याने नमुना फ्रिजमध्ये ठेवूच नये; ज्याला केवळ डीएनए हवा आहे त्याने खुशाल ठेवावा. हेतू ठरवून मग नमुना घेतला तर हा प्रश्न उद्भवत नाही.

नमुना शक्यतो गुदाशयातून, हातमोजा घालून, थेट घ्यावा. गोठ्याच्या जमिनीवरून उचललेल्या लेंड्यांत मातीत स्वतंत्रपणे जगणारे सूत्रकृमी शिरतात, आणि मग उबवण चाचणीच्या दुसऱ्या दिवशी ज्या अळ्या मोजल्या जातात त्यांतल्या किती आपल्या जंताच्या आणि किती मातीतल्या, हा वाद मिटत नाही.

लेंडी फोडणे आणि चाळणे

शेळीची लेंडी बाहेरून चिकट आवरणाची आणि आतून घट्ट असते. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि कोरडा पाला खाणाऱ्या, किंवा माळव्यात सर्रास घातले जाते ते सोयाबीनचे भूस खाणाऱ्या शेळीची लेंडी तर इतकी तंतुमय असते की वरवर कुस्करली तर तिचे तुकडे होतात, पण ते तुकडे मोकळे होत नाहीत. असा तुकडा जाड चाळणीवर राहतो आणि त्याच्या पोटातली अंडी चोथ्याबरोबर फेकली जातात. चोथ्याच्या भांड्यात जास्त अंडी सापडली तर दोष इथे आहे. लेंड्या कोमट नव्हे, साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटे भिजत ठेवाव्यात, मग खलात बत्त्याने दाबून, न घासता, फोडाव्यात. मिक्सर वापरायचाच असेल तर क्षणभर चालवून थांबावे, कारण जास्त फिरवल्याने भुशाचे तंतू अंड्यांच्याच आकाराइतके बारीक होतात आणि मग कोणतीही चाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही. फेस हीसुद्धा मिक्सरची देणगी आहे. बुडबुड्यांना चिकटलेली अंडी पृष्ठभागावर राहतात आणि निथळताना निघून जातात.

एक चाचणी उपयोगी पडते. फोडलेला लगदा चिमटीत घेऊन दोन बोटांत चोळावा. गुळगुळीत लागला तर पुढे जावे, आत दाणा लागला तर आणखी दहा मिनिटे भिजवावे.

चाळण्यांच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ आकड्यांचा होतो. हिमॉन्कसचे अंडे साधारण ७० ते ८५ मायक्रॉन लांब आणि ४० ते ४८ मायक्रॉन रुंद असते. लांबी ऐंशीच्या घरात आहे म्हणून ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर अंडे थांबेल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पाण्याच्या धारेखाली अंडे उभे होते आणि रुंदीने छिद्रातून निसटते. अंडे अडवायचे असेल तर छिद्र रुंदीपेक्षा चांगलेच लहान, म्हणजे २५ किंवा २० मायक्रॉनचे हवे. ३८ मायक्रॉनची चाळणी हिशेबाने पुरेशी वाटते, पण जुनी, ताणलेली जाळी आणि नळाची जोरदार धार मिळून तिच्यातूनही अंडी घालवतात, आणि स्ट्राँगिलॉइडिसची अंडी, ज्यांची रुंदी पंचवीस मायक्रॉनपेक्षा जास्त नसते, ती तर बिनदिक्कत जातात.

शिवाय चाळणीवर छापलेला मेशचा आकडा आणि मायक्रॉन यांत उलटा संबंध आहे. ६० नंबरची जाळी २५० मायक्रॉनची, १०० नंबरची १५० मायक्रॉनची, २०० नंबरची ७५ मायक्रॉनची, ४०० नंबरची ३८ मायक्रॉनची आणि ५०० नंबरची २५ मायक्रॉनची असते. स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात मिळणारी नायलॉनची जाळी पीव्हीसी नळीच्या तुकड्यावर ताणून बसवली तर चांगली स्वस्त चाळणी होते, आणि मी ती आवर्जून सुचवतो. मात्र तिच्यावरचा आकडा सेंटिमीटरमागे धागे किती हे सांगतो, छिद्र किती मोठे हे नव्हे. ती विकत घेतल्यावर मायक्रोस्कोपखाली आयपीसमधल्या मोजपट्टीने छिद्र मोजल्याशिवाय कामाला लावू नये.

चाळण्यांचा क्रम आधी २५० किंवा १५० मायक्रॉन, मग ७५ किंवा १००, आणि शेवटी २५, असा ठेवावा. ७५ च्या चाळणीतून हिमॉन्कसचे अंडे आरामात जाते, पण नेमाटोडायरसचे मोठे अंडे, ज्याची लांबी दीडशे मायक्रॉनच्या वर असते, बरेचसे अडते. बारीक चाळणी तुंबली की लोक बोटाने घासतात. त्याऐवजी चाळणी पाण्याच्या परातीत अर्धी बुडवून खालून वर हलकेच आपटावी. तुंबलेल्या चाळणीवर पाणी ओतत राहिल्यास ते काठावरून सांडते, आणि ते सांडलेले पाणी त्या चार भांड्यांपैकी कोणत्याच भांड्यात नसल्याने हिशेबातून पूर्ण निसटते.

निवळू देण्याचा वेळ

ज्यांच्याकडे बारीक चाळणी नसते ते उंच भांड्यात पाणी स्थिर ठेवून, वरचे निथळून, पुन्हा पाणी घालून धुतात. पद्धत चांगली आहे, पण घाईने तिची वाट लागते. अंड्याची घनता पाण्यापेक्षा फार थोडी जास्त, ढोबळमानाने १.०६ ते १.१ च्या दरम्यान असते. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला तर अशा अंड्याला दहा सेंटिमीटर पाण्यातून तळाशी बसायला साधारण बारा ते वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत वरचे पाणी ओतून टाकले तर निम्म्याहून जास्त अंडी पाण्याबरोबर जातात, आणि निथळलेल्या पाण्याचे भांडे तपासले की ती तिथे सापडतात.

यात ऋतूचाही हात आहे. १० अंशांना पाण्याचा चिकटपणा १.३ च्या घरात असतो आणि ३० अंशांना ०.८ च्या, म्हणजे जानेवारीच्या सकाळी, जेव्हा इंदुरात टाकीचे पाणी हाताला बोचते, तेव्हा अंडी बसायला मे महिन्याच्या दीडपटीहून अधिक वेळ लागतो. प्रयोगवहीत ‘पंधरा मिनिटे स्थिर ठेवले’ असे लिहून भागत नाही. पाण्याचे तापमान आणि भांड्यातल्या पाण्याची उंची हे दोन आकडेही त्याच ओळीत हवेत. पसरट भांडे घेतले तर उंची कमी होऊन वेळ वाचतो, पण निथळताना तळ ढवळला जातो, त्यामुळे निथळण्याऐवजी रबरी नळीने वरचे पाणी ओढून काढावे.

द्रावण

आता द्रावण. संपृक्त मिठाच्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.२० असते, ३३ टक्के झिंक सल्फेटचे १.१८, आणि शीदरच्या साखरेच्या द्रावणाचे, ज्यात ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर विरघळवतात, सुमारे १.२७. तिन्ही आकडे अंड्याच्या घनतेपेक्षा जास्त आहेत, म्हणजे तिन्हींत अंडे तरंगायला हवे. पर्णकृमी आणि अँफिस्टोम यांची मोठी, जड अंडी मात्र मिठात तरंगत नाहीत, ती साक्यात राहतात; ती शोधायची असतील तर निवळण्याची पद्धतच वापरावी.

‘द्रावण संपृक्त आहे’ हे गृहीत न धरता हायड्रोमीटरने मोजावे. तळाशी मीठ शिल्लक दिसले की द्रावण संपृक्त झाले, असे मानले जाते, पण ढवळण्यात कुचराई झाली असेल तर खाली मीठ आणि वर १.१२ चे पाणी, अशी स्थिती सहज होते. दुसरे, चाळून आलेला लगदा ओला असतो. त्यातले पाणी द्रावणात मिसळून गुरुत्व खाली येते. पाच मिलिलिटर ओल्या साक्यावर पाच मिलिलिटर संपृक्त मीठ घातले तर मिश्रणाचे गुरुत्व १.१० च्या आसपास येते, आणि तिथे अंडी वर जायची की नाही याचा निर्णय काठावर असतो. साका आधी सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून, वरचे पाणी पूर्ण काढून, मगच द्रावण घालावे. ही एक दुरुस्ती केल्यावर ‘मीठ चालत नाही’ ही तक्रार पुष्कळदा तिथेच संपते.

मिठाचा खरा दोष वेगळा आहे. ते अंड्यातले पाणी ओढून घेते. दहा-पंधरा मिनिटांनी कवच एका बाजूने आत दबू लागते, आणि आणखी थांबल्यास अंडे चंद्रकोरीसारखे दिसते. स्लाइडच्या कडेला स्फटिक जमू लागतात. मोजणीसाठी हे चालून जाते. जिवंत अंडी हवी असतील तर तरंगलेला थर ताबडतोब २५ मायक्रॉनच्या चाळणीवर घेऊन भरपूर साध्या पाण्याने धुवावा. साखरेत अंडी अधिक वेळ सुस्थितीत राहतात, म्हणून उबवण चाचणीसाठी मी साखरच पसंत करतो. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली साधी दाणेदार साखर या कामाला पुरते, शुद्ध रसायन म्हणून मिळणाऱ्या सुक्रोजची गरज नाही. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ मात्र टाळावे, कारण त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ द्रावण गढूळ करतात आणि कव्हरस्लिपखाली नको ती पार्श्वभूमी उमटते. तेच वापरायचे झाल्यास गाळणकागदातून गाळून घ्यावे.

साखरेचे द्रावण पाण्यापेक्षा कित्येक पट घट्ट असते आणि थंडीत आणखी घट्ट होते. त्यात अंडे वर जाते, पण रमतगमत. मिठाची नळी टेबलावर उभी ठेवून जे काम होते ते साखरेत होत नाही. साखर वापरायची तर सेंट्रिफ्यूज हवाच.

इथे एका हमखास सापळ्याबद्दल सांगतो. शीदरच्या द्रावणाच्या प्रचलित कृतीत बुरशी येऊ नये म्हणून फॉर्मॅलिन किंवा फिनॉल घालतात. निदानाच्या कामासाठी बनवलेली अशी बाटली कपाटात असते, तिच्यावर नुसते ‘साखर द्रावण’ लिहिलेले असते, आणि उबवण चाचणी करणारा विद्यार्थी तीच उचलतो. अंडी सुंदर, स्वच्छ, डौलदार दिसतात आणि औषध न घातलेल्या नियंत्रण वाटीतही एकही उबत नाही. नियंत्रण वाटीतली अंडी उबत नसतील आणि ती सुरकुतलेलीही नसतील, तर आधी बाटलीचा वास घ्यावा आणि कृती कोणी, कशी केली हे विचारावे. जिवंत अंड्यांसाठी साखर त्याच दिवशी विरघळवावी आणि उरलेली टाकून द्यावी.

कचरा फारच जास्त असेल तर साखरेचे थर उपयोगी पडतात. नळीत खाली ४० टक्के, त्यावर २५ टक्के आणि सर्वांत वर १० टक्के साखर, असे थर पिपेटने कडेकडेने सोडावेत आणि त्यावर धुतलेला साका अलगद ठेवून फिरवावे. या तीन थरांची घनता अनुक्रमे १.१८, १.१० आणि १.०४ च्या आसपास असते, त्यामुळे अंडी १० आणि २५ टक्क्यांच्या सीमेवर पांढुरक्या पट्ट्यासारखी जमतात आणि जड कचरा खाली जातो. पट्टा दिसला नाही तर थर मिसळले आहेत असे समजावे. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे सेंट्रिफ्यूजचा ब्रेक. तो बंद करून यंत्र आपोआप थांबू द्यावे.

सेंट्रिफ्यूजचा वेग

‘पंधराशे आरपीएमवर पाच मिनिटे’ असे लिहिलेली कृती दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. बल फेऱ्यांच्या वर्गावर आणि त्रिज्येवर अवलंबून असते: सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग गुणिले ०.००००१११८. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या लहान यंत्रात पंधराशे फेऱ्यांना सुमारे २५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट बल, मिळतात, सोळा सेंटिमीटरच्या यंत्रात त्याच फेऱ्यांना ४०० जी. आपल्या रोटरची त्रिज्या मोजून जी मध्ये लिहावे, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला ती कृती जशीच्या तशी वापरता येईल. नळ्या कोनात बसवणाऱ्या रोटरपेक्षा फिरताना आडव्या होणाऱ्या नळ्यांचा रोटर तरंगवण्याच्या कामाला अधिक चांगला, कारण कोनातल्या नळीत अंडी भिंतीवर घासत वर जातात आणि तिथेच चिकटतात.

चिकटण्याचा हा प्रश्न लहान वाटतो, पण शेवटच्या टप्प्यात, जेव्हा कचरा गेलेला असतो आणि अंड्यांना चिकटायला भांड्याशिवाय दुसरे काही उरत नाही, तेव्हा तो मोठा होतो. एका नळीतून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसरीत, असे करताना प्रत्येक वेळी थोडी अंडी प्लॅस्टिकवर राहतात. धुण्याच्या पाण्यात ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, घातल्यास हे बरेच थांबते. उबवण चाचणी करायची असल्यास शेवटची धुलाई ट्वीनविना करावी. नळ्या कमीत कमी बदलाव्यात हे अर्थातच उत्तम.

नळाच्या पाण्याविषयी थोडे. नर्मदेचे पाणी इमारतीच्या टाकीत साठून येते, आणि टाकीच्या तळातल्या गाळात मुक्त सूत्रकृमी राहू शकतात. ते एकदा २५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून घेतले की धुण्यासाठी पुरते. उबवण वाट्यांत मात्र ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

जातींची सरमिसळ

शुद्ध अंडी म्हणजे एका जातीची अंडी, असा अर्थ काही जण घेतात आणि मग निराश होतात. तरंगवणे घनतेवर आणि चाळणे आकारावर चालते. हिमॉन्कस, ट्रायकोस्ट्राँगायलस आणि ईसोफॅगोस्टोमम यांची अंडी या दोन्ही बाबतींत इतकी जवळची आहेत की कोणत्याही द्रावणाने ती वेगळी होणार नाहीत. लेंड्यांची २५ ते २७ अंशांवर सात ते दहा दिवस मशागत करून तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या ओळखणे, किंवा आयटीएस-२ या डीएनए तुकड्यावरून जात ठरवणे, हेच मार्ग उरतात.

एकाच जातीची अंडी हवी असतील तर मला कत्तलखान्यातला मार्ग अधिक सरळ वाटतो. शेळीच्या जठराचा चौथा कप्पा ताजा असताना उघडला तर हिमॉन्कसच्या माद्या लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीमुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात; रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती पांढरी अंडाशये गुंडाळलेली असल्याने तो पीळ दिसतो. अशा माद्या मीठपाण्यात धुऊन अलगद कुस्करल्या आणि चाळल्या की भूस, पराग, लेंडीतले जिवाणू, कशाचाच त्रास उरत नाही. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, त्यामुळे मोजक्या माद्यांतून भरपूर माल मिळतो. मर्यादा एवढीच की मादीच्या पोटातली सगळी अंडी सारख्या पक्वतेची नसतात, म्हणून उबवणीची टक्केवारी लेंडीतल्या अंड्यांइतकी सारखी येत नाही. जनुकीय कामाला हा माल उत्तम आहे. औषधाच्या चाचणीला मी तो वापरणार नाही.

डीएनए निघतो, पण पीसीआर चालत नाही

पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची चाचणी. ही तक्रार शुद्धीकरणाचीच आहे, जरी ती दुसऱ्या टेबलावर ऐकू येत असली तरी. बेंझिमिडाझोल प्रतिकारासाठी बीटा-ट्युब्युलिन जनुकातल्या १६७, १९८ आणि २०० या जागा तपासायच्या असतात, आणि त्यासाठी लागणारा डीएनए अंड्याच्या कवचाआड असतो. कवच चिवट आहे. प्रथिने तोडणाऱ्या नुसत्या प्रोटिनेज-के विकराने ते पुरेसे फुटत नाही, गोठवणे-वितळवणे किंवा काचमण्यांबरोबर घुसळणे यांची जोड लागते. फोडल्यानंतर स्लाइडवर थेंब पाहावा. अखंड अंडी दिसत असतील तर डीएनए कमी येण्याचे कारण शोधायला पुढे जाण्याची गरज नाही.

डीएनए भरपूर असूनही पीसीआर बंद पडत असेल तर पित्तातले क्षार, वनस्पतीजन्य बहुशर्करा आणि भुशातून आलेले तपकिरी पदार्थ यांवर संशय घ्यावा. द्रावण किंचित चहाच्या रंगाचे दिसते. खात्रीची चाचणी अशी: तोच डीएनए दहापट पातळ करून दोन्ही नमुने रिअल-टाइम यंत्रावर लावावेत. अडथळा नसेल तर पातळ नमुना साधारण ३.३ चक्रे उशिरा उठतो. तो त्याहून लवकर, किंवा मूळ नमुन्याच्याही आधी उठला, तर अडथळा आहे हे सिद्ध झाले. पीसीआर मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घातल्याने हा अडथळा अंशतः निघतो, पण ते उसने अवसान आहे. मीठ आणि झिंक सल्फेटही पीसीआर अडवतात, म्हणून तरंगवल्यानंतरची धुलाई डीएनएच्या कामातही टाळू नये. आणि ती अंडी अखंड असतानाच, २५ मायक्रॉनच्या चाळणीवर, खालचे पाणी रंगहीन होईपर्यंत करावी, कारण कवच एकदा फुटले की डीएनए आणि घाण एकाच पाण्यात मिसळतात आणि मग चाळणीचा काही उपयोग राहत नाही.